भोयरभाऊंची बॅग

भोयरभाऊंची बॅग माझ्या पाठीला बसत नाही. तिचा डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. अंगावर घेतली की ती एका बाजूला ओढते आणि थोड्याच वेळात मानेची शीर ताठ होते. पट्टा सारखा करणं अवघड नाही. प्लॅस्टिकची कडी जराशी सरकवली की काम झालं. ते मी अजून केलेलं नाही. सिंधूवहिनींनी, भाऊंच्या पत्नीनं, बॅग माझ्याकडे आणून दिली त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. पुस्तकांच्या कपाटाशेजारी खुंटीवर ती असते. रविवारी धूळ झटकताना मी ती एकदा पाठीवर घेऊन पाहतो. तेवढा वेळ भाऊंचा डावा खांदा किती खाली होता, हे मला नेमकं कळतं.

नामदेवराव भोयर एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. मी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते मला सर म्हणत. मी काही शिकवत नव्हतो. वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण चष्मा लावणारा आणि कमी बोलणारा कुणीही माणूस त्यांच्या लेखी सरच होता. मी देवळीहून रोज सकाळी वर्ध्याला जायचो. आर्वीहून पुलगाव, देवळी करत येणारी ती गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. पैशांची चामड्याची बॅग डाव्या खांद्यावर, तिकिटांची पत्र्याची पेटी काखेत, पेन कानावर. पुढे तिकिटांची मशीन आली, पेटी गेली. बॅग राहिली.

आमची ओळख कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. मी खिडकीपाशी बसून वाचत असे. दीडेक वर्ष त्यांनी काही म्हटलं नाही. माझा थांबा जवळ आला की बाकाची दांडी पेनानं वाजवायचे, कारण दोनदा मी वाचता वाचता पुढे गेलो होतो. मग एक दिवस ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले,

"सर, एक सांगू का? राग नोका मानू."

"सांगा ना."

"खिडकीपाशी बसता अन् पुस्तकात तोंड घालता. खिडकी वाया जाऊन राह्यली न. दुसऱ्याले द्या."

मी उठून आतल्या बाजूला बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पुन्हा खिडकीपाशी बसवलं आणि म्हणाले, आज वाचा, उद्या पाहा, एक दिवसाआड. मी गमतीत तसं करू लागलो. त्या रस्त्यावरची झाडं मला त्यांच्यामुळे माहीत आहेत.

निवृत्तीनंतर ते देवळीत आपल्या घरी राहायला आले, आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे. तीन एकर शेत होतं, त्यात कापूस आणि थोडी तूर. कंडक्टरपण मात्र अंगातून गेलं नाही. ते कुठेही सरळ उभे राहत नसत. मांडी कशाला तरी टेकलेली हवी, दाराच्या चौकटीला, ओट्याला, नाहीतर समोरच्या खुर्चीला. लग्नाच्या पंगतीत ते दारात उभे राहून माणसं मोजायचे. कुणाच्या घरी जागा कमी पडली की त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "चला, मागं जागा हाये." आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाला ते कसे आहात असं विचारत नसत. "कुठं उतरनार?" असं विचारत. एखाद्यानं "बाजारात" म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं.

कॅमेरा त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. घरात त्यावरून बोलणं झालं. सिंधूवहिनींना वाटत होतं, आता माणूस शेतात लक्ष घालेल. भाऊंनी पुण्याच्या मुलीकडून कॅमेरा मागवला, एक लहान लेन्स आणि एक लांब लेन्स. मी पाहायला गेलो तेव्हा वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "सर, तुमीच विचारा यायले. फोटो काढाचे तं मोबाईल हाये न. हे कायले?"

भाऊंनी उत्तर माझ्याकडे पाहून दिलं.

"सर, मी एकतीस वर्ष या रस्त्यानं गेलो. कोन्या गावाचा फक्त फाटा पाह्यला. माणसं उतरायची, चालाले लागायची, मी दोनदा घंटी द्यायचो, गाडी निघायची. ते कुठं जात होते, मले मालूम नाई. आता एकेका फाट्यावर उतरनार हाये. आत जाईन अन् पाहीन."

त्यांनी वहीचं पान माझ्यासमोर ठेवलं. त्यावर आर्वी ते वर्धा आणि वर्ध्याहून हिंगणघाट, वडनेरकडचे, त्यांच्या दोन्ही रस्त्यांवरचे फाटे लिहिले होते. अडतीस. ज्या गावात गाडी आतपर्यंत जात नाही, रस्त्यावरच सोडते, तेवढेच. प्रत्येकासमोर एक मोकळी चौकट. भाऊंनी एकच नियम ठरवला होता. फाट्यावर उतरायचं, पायी आत जायचं, आणि गाव पहिल्यांदा जे दाखवेल त्याचा फोटो काढायचा. मग बाकीचं. देऊळ शोधायचं नाही, सुंदर काही शोधायचं नाही. "गाव पयले काय दाखवते, ते."

"अन् एवढे झाले म्हनजे?" वहिनींनी विचारलं.

"मंग मी घरी."

पहिल्या दिवशी चिंचोली फाट्यावर ते उतरले आणि दोन किलोमीटर चालत गावात गेले. पहिल्या घराच्या ओट्यावर एक बाई तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कंडक्टर हाये ना तुमी? काऊन उतरले? गाडी बिघडली का?"

"गाडी बरी हाये बाई. मीच उतरलो."

तिला ते पटलं नाही. तिनं मुलाला फाट्यावर पिटाळलं, गाडी खरंच गेली का ते पाहायला. पुढे बहुतेक गावांत हाच प्रश्न यायचा, आणि भाऊ प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे. फोटोची प्रत काढून आणली की ते पाकिटावर माणसाचं नाव लिहायचे आणि त्या मार्गावरच्या कंडक्टरकडे द्यायचे. पाकिटं फाट्यावर उतरायची आणि कुणाच्या तरी हातानं गावात पोचायची.

आता बॅगेकडे येतो. भाऊंचं म्हणणं होतं की माणूस काय घेऊन जातो यापेक्षा कशात घेऊन जातो यावर तो किती दूर जाईल हे ठरतं. कंडक्टरला हे कोण सांगणार. पण पहिली बॅग त्यांनी चुकीची केली, आणि ती चूक कापूस पिकवणारा माणूसच करू शकतो.

बाजारातल्या बॅगांमध्ये आत फोम असतो. भाऊंना तो आवडला नाही. "घरात कापूस असताना फोम कायले?" त्यांनी रहमानचाचांकडून, आमच्याकडच्या गादीवाल्याकडून, आपल्या शेतातला कापूस पिंजून घेतला. तंबूच्या जाड कापडाची पिशवी शिवली, तिच्यात कॅमेऱ्याएवढा एक आणि लेन्सएवढे दोन कप्पे केले, आणि चारी बाजूंनी कापूस भरून गादीसारखे टाके घातले. चाचा सुई ओढत म्हणाले होते, "भोयरभाऊ, बॅग हाये का बाळंतिणीची गादी?"

बॅग दिसायला फार सुरेख झाली होती. हात घातला की ऊब लागायची. ती आडवी, एका खांद्यावर घ्यायची होती, आणि अर्थातच डाव्या. हिवाळाभर, उन्हाळाभर भाऊ तिच्यातून कॅमेरा वाहत हिंडले. अकरा चौकटी भरल्या. मग पावसाळा आला. कापसानं सगळी ओल आत ओढून घेतली आणि धरून ठेवली. पोळ्याच्या सुमारास त्यांनी लांब लेन्स डोळ्याला लावली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी.

ती दाखवायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुरुस्ती करणाऱ्यानं लेन्स उजेडाकडे धरली, बॅग हातात घेऊन दाबून पाहिली, आणि शांतपणे विचारलं, "अंकल, लेन्स को रजाई में सुलाया था क्या?"

"हाव," भाऊ म्हणाले. "घरच्या कापसाच्या."

लेन्स साफ झाली, पण एका कोपऱ्यात डाग राहिला तो राहिलाच. त्या लेन्सनं काढलेल्या पुढच्या सगळ्या फोटोंत, उजवीकडे वर, आभाळाच्या जागी, एक फिकट धुरकट ठिपका आहे. भाऊ म्हणायचे, तो आमच्या शेतातला कापूस.

त्या बॅगेची वहिनींनी उशी केली. नवीन बॅग घ्यायचं ठरलं, आणि यावेळी भाऊंनी तयारी केली. कॅमेरा घेऊन नागपूरला, सीताबर्डीच्या गर्दीत जायचं नव्हतं. पण रिकामी बॅग अंगावर घालून तिची परीक्षा होत नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर कॅमेरा आणि लेन्स तोलून घेतल्या. मग तेवढ्याच वजनाच्या पुड्या बांधल्या. कॅमेरा म्हणजे तूरडाळ, लांब लेन्स म्हणजे हरभऱ्याची डाळ, लहान लेन्स म्हणजे साबुदाणा. बॅटरी आणि चार्जरचे पोहे.

वहिनींनी निघताना बजावलं, "तूरडाळ संध्याकाळी वापस पाह्यजे. पावने येऊन राह्यले."

दुकानात भाऊंनी पिशवीतून एकेक पुडी काढून काउंटरवर मांडली. दुकानदार जरा वेळ बघत राहिला.

"काका, बॅग घ्यायची आहे की किराणा टाकायचा आहे?"

"तुमी बॅगा काढा. मी सांगतो."

त्या दिवशी भाऊ बोलले ते मी बसमध्ये परतताना माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आठवतं. एका खांद्याची बॅग नको, तो खांदा नोकरीनं वापरून झाला. पट्टा चार बोटं रुंद हवा, कमी असेल तर तो कापतो, जास्त असेल तर मानेला लागतो. कमरेला पट्टा हवा, कारण वजन खरं म्हणजे कमरेनं वाहायचं असतं, खांद्यानं फक्त सांभाळायचं असतं. बॅगेचं तोंड पाठीच्या बाजूनं उघडावं, म्हणजे गर्दीत मागचा माणूस हात घालणार नाही. चालत्या गाडीत उभं राहून एका हातानं चेन उघडता आली पाहिजे, कारण दुसरा हात दांडीवर असतो. मांडीवर मावली पाहिजे, कारण सीट मिळाली तर शेजारच्याची जागा खायची नाही. आणि बॅग पाहून कुणाला वाटलं नाही पाहिजे की हिच्यात काही आहे.

प्रत्येक बॅगेत ते पुड्या भरायचे, पट्टे ओढायचे, आणि बाहेर रस्त्यानं चौकापर्यंत जाऊन यायचे. आल्यावर दुकानाच्या खांबाला एका हातानं धरून ते डोलायचे, गाडीत डोलतात तसे, आणि दुसऱ्या हातानं चेन उघडायचे. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक आपली खरेदी सोडून हेच पाहत उभं राहिलं. चार बॅगा नापास झाल्या. पाचवी घेऊन ते चौकापर्यंत गेले आणि लवकर परतले नाहीत. मी बाहेर आलो तर पुढच्या चौकाकडून येत होते, पावलं मोकळी पडत होती.

"ही बसली," ते म्हणाले. "पाठीवर हाये का नाई, समजून नाई राह्यलं."

बॅग खाली ठेवून पुड्या काढताना तूरडाळीची पुडी फुटली. सगळे कप्पे, चेन, खिसे डाळीनं भरले. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "आता ही कोण घेणार?"

"मीच घेऊन राह्यलो न बावा. झाडून द्या."

झाडून दिली, तरी वर्षभर डाळीचे दाणे निघत होते. त्या संध्याकाळी पाहुण्यांना पिठलं मिळालं.

त्या बॅगेनं दीड वर्षात पुढचे एकोणीस फाटे झाले. मी काही वेळा बरोबर असे, बहुतेक वेळा नसे. सोमवारी सकाळी ते ग्रंथालयात यायचे, वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर फोटो मांडायचे. एका गावानं पहिल्यांदा दाखवलं होतं वाळत घातलेलं धोतर. एकानं बंद पडलेली पिठाची चक्की. एकानं शाळेची भिंत, तिच्यावर अर्धवट रंगवलेला नकाशा. एका गावानं फक्त कुत्रा दाखवला होता, आणि भाऊंनी नियमाप्रमाणे त्याचा फोटो काढला होता, मागे चांगलं मोठं वडाचं झाड असूनही. मी ते झाड दाखवलं. ते म्हणाले, "ते मागाहून दिसलं, सर."

मग खांदा दुखू लागला.

डावाच. आधी ते बोलले नाहीत. मी पाहिलं की ते चहाचा कप उजव्या हातानं घेऊ लागले आहेत. विचारलं तर म्हणाले, "पट्टा बसत नाई बरोबर. कंडक्टरचा खांदा हाये, खाली गेला हाये, त्याचा काई दोष नाई." आम्ही पट्ट्याच्या मागे लागलो. तो दोन बोटं आखूड केला. जरा बरं वाटलं. पुन्हा दुखलं. वहिनींनी जुन्या गोधडीचा तुकडा पट्ट्याखाली शिवून दिला. मी ग्रंथालयातून डोंगर चढणाऱ्यांसाठीचं एक पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं की जड वस्तू पाठीशी लागून आणि उंच ठेवावी. भाऊंनी सगळे कप्पे उसवून लांब लेन्स वर आणली. पुढच्या सोमवारी म्हणाले, थोडा फरक आहे. मला आनंद झाला. मग मी कमरेचा पट्टा आणखी घट्ट करायला सांगितलं. मग कॅमेरा एक दिवसाआड गळ्यात अडकवायला. असे सात-आठ महिने गेले. दर खेपेला माझ्याकडे एक उत्तर होतं, आणि ते पुस्तकातलं होतं.

एका संध्याकाळी वहिनी भाजी निवडत होत्या. आम्ही दोघं जमिनीवर बॅग पसरून बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, "बॅग चार दिवसांपासून खुटीवर हाये. अन् खांदा दुखूनच राह्यला. हे कसं?"

भाऊ हसले. "तिची आठवण येते त्याले."

मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. हे मी अनेकदा लिहून खोडलं आहे, पण ते असंच घडलं.

त्यानंतर महिन्याभरानं, दिवाळी झाल्यावर, वहिनीच त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. छातीचा फोटो काढला. गाठ फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला होती. तिथली गाठ कधीकधी छातीत दुखत नाही, खांद्यात दुखते, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. फार पुढे गेली होती. भाऊंनी तो फोटो डॉक्टरांच्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ पाहिला. फोटोग्राफर दुसऱ्याचा फोटो पाहतो तसा.

"साफ आला हाये," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणायचं होतं की मी तुमचे आठ महिने पट्ट्यात घालवले. भाऊ भिंतीला मांडी टेकून उभे होते. त्यांना बहुतेक कळलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, बॅग चांगली हाये. तिले नावं नोका ठेवू."

वहीतल्या पस्तीस चौकटी भरल्या होत्या. तीन राहिल्या होत्या. त्यांतल्या दोन आर्वीच्या बाजूला, लांबच्या. तिसरी वडनेरच्या रस्त्यावरची, बोरखेडी फाटा. भाऊंनी ती मुद्दाम मागे ठेवली होती. तिथे गावाकडे जाणारा रस्ता फाट्यापासून थोड्याच अंतरावर चिंचेच्या झाडांमागे वळतो. बाकी फाट्यांवरून निदान देवळाचा कळस, एखादं छप्पर, काहीतरी दिसतं. इथे काहीच दिसत नाही. "लोक वळले का संपले," भाऊ म्हणायचे. "एकतीस वर्ष पाह्यलं, त्या वळणाच्या पुढं काय हाये ते समजलंच नाई."

जानेवारीत एका सकाळी ते माझ्या दाराशी आले. अंग निम्मं झालं होतं. स्वेटर, मफलर, आणि पाठीवर बॅग.

"कुठं उतरनार?" मी विचारलं.

"बोरखेडी फाटा. येता का?"

वहिनींना सांगून आला का, हे विचारायची गरज पडली नाही. त्या त्यांच्या मागेच, गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हातानं खूण केली, जा म्हणून.

वर्ध्याला गाडी बदलली. हिंगणघाटनंतर भाऊंनी खिडकी मला दिली. शेतांत तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कापसाची वेचणी चालू होती, बायकांच्या कमरेला बांधलेली ओटी पांढरी फुगलेली दिसत होती. भाऊ त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "पाहा, सगळं वजन कमरेवर बांधते. खांदा मोकळा. आपन कायले नागपूरले गेलतो?"

बोरखेडी फाट्यावर आम्ही उतरलो. सिमेंटचा निवारा, आत एक बाक, वर पत्रा. गाव दीड किलोमीटर. भाऊंनी चालायला सुरुवात केली. वीसेक पावलं गेले असतील. मग थांबले. मी पाणी दिलं. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. चिंचा समोर दिसत होत्या. त्यांनी एकदा त्या वळणाकडे पाहिलं आणि माघारी फिरून निवाऱ्यातल्या बाकावर येऊन बसले.

धाप ओसरल्यावर त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. मग उजवा खांदा काढला, मग डावा, सावकाश. बॅग त्यांनी माझ्यापुढे धरली.

इतक्या वर्षांत त्यांनी ती मला कधी उचलू दिली नव्हती. एकदा मी हात घातला तेव्हा म्हणाले होते, कंडक्टरची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर गेली म्हणजे एक तर तो निवृत्त झाला, नाहीतर निलंबित. मी ती घेतली. पाठीवर चढवली. पट्टा लगेच मानेला लागला.

"सारखा करून घ्या," ते म्हणाले.

"राहू द्या."

"पयले जे दिसन ते काढजा. दुसरं नाई. अन् घाई नोका करू. गाडी मी थांबवून ठेवतो."

त्यांनी निवाऱ्याच्या लोखंडी खांबावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. मी निघालो.

वळण घेतलं. चिंचांच्या पलीकडे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या सावलीत एक म्हातारा माणूस सायकल उलटी करून पंक्चर काढत बसला होता. तेवढंच. मी कॅमेरा काढला. माझे हात सराईत नव्हते. त्यानं मान वर करून विचारलं, काय काढता, मी म्हटलं, तुम्हालाच. तो म्हणाला, बरं, आणि पुन्हा कामाला लागला. मी दोनच फोटो घेतले. गावात गेलो नाही.

परत आलो तेव्हा भाऊ बाकावर होते तसेच बसले होते. मी कॅमेऱ्याचा मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. उजवीकडे वर, आभाळात, तो धुरकट ठिपका होता. त्यांनी फोटो मोठा केला, सायकलीवरून सरकत माणसाच्या चेहऱ्याशी आले, आणि त्यांचं बोट थांबलं.

"हा तं तुकाराम," ते म्हणाले. "हिंगणघाटाहून यायचा, सोमवारच्या बाजाराचा. याची सायकल मी टपावर चढवून आनायचो. इथंच उतरवून द्यायचो. म्हनायचो त्याले, बावा, विकून टाक हे भंगार." ते आणखी जवळ नेऊन पाहू लागले. "तेच हँडल हाये. चालवूनच राह्यला."

पडदा आपोआप विझला. त्यांनी बटण दाबून पुन्हा लावला. असं तीनदा झालं. मग वही मागितली, आणि छत्तिसाव्या चौकटीत स्वतःच्या हातानं खूण केली.

वर्ध्याची गाडी आली. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. आमच्याबरोबर फाट्यावर आणखी तिघं जमले होते. भाऊंनी त्यांना आधी चढू दिलं, मग मला. बॅग माझ्याकडून मागून घेतली आणि डाव्या खांद्यावर, एकाच पट्ट्यानं, जुन्या सवयीनं अडकवली. मग ते पायरीवर चढले आणि तिथेच राहिले, एका हातानं दांडी धरून, अंग बाहेर झुकवून.

"काका, या न आत, बसा," मुलगी म्हणाली.

"एक मिनिट बाई. कोनी येऊन राह्यलं का, ते पाह्यतो."

मी आतून पाहत होतो. चिंचांच्या वळणाशी ऊन होतं आणि रस्ता रिकामा होता. ते बघत राहिले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, पण हॉर्न दिला नाही. वळणावरून कुणी आलं नाही.

मग भाऊंनी हात वर करून पत्रा दोनदा वाजवला.